रुग्णाच्या हाती आलेली नोंदवही

लष्करमध्ये आमच्या गल्लीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना नाना म्हणते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे वडील शिंदे सरकारच्या दप्तरात कारकून होते आणि त्यांनी हात धरून शिकवलेली मोडी नानांना अद्याप वाचता येते. कोणाच्या घरी वाटणीचा किंवा इनामाचा जुना कागद निघाला की तो नानांकडे येतो. नाना चष्मा पुसतात, कागद उजेडाकडे धरतात आणि ज्या रेघोट्यांतून आम्हांला एक अक्षर उमगत नाही त्या घडाघडा वाचून दाखवतात. हे नाना गेल्या हिवाळ्यात एके सकाळी माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, मी अडाणी झालो."

झाले होते ते असे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकास, त्याच्या उत्पन्नाची चौकशी न करता, आयुष्मान योजनेत घेण्यात आले. कुटुंबातील ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार विनामूल्य मिळावेत, अशी ही सोय आहे. तिच्यासाठी एक कार्ड काढावे लागते, आणि ते कार्ड मोबाइलवर किंवा संगणकावर निघते. नाना एका दुकानात गेले, आधार क्रमांक सांगितला. दुकानदार म्हणाला, "ओटीपी सांगा." तो सहा आकडी अंक नानांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर जावयाचा, आणि जोडलेला मोबाइल होता पुण्यास नोकरीस असलेल्या मुलाचा. मुलगा कामात. त्याने अंक पाहून वडिलांना कळवीपर्यंत त्या अंकाची मुदत संपलेली. तीन दिवस हा प्रकार चालला. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतील कोणी तरुण म्हणाला, "बाबा, घरच्या शिकल्यासवरलेल्या माणसाला घेऊन या."

दोन लिप्या आणि तीन भाषा जाणणाऱ्या माणसाला हे ऐकावे लागले. मला त्यात एक जुनी गोष्ट दिसली. मोडी शाळांतून उठली त्या काळीही असेच झाले असले पाहिजे. काल ज्याच्या हस्ताक्षराला बाजारात भाव होता त्याला आज बाळबोध छापील अर्जापुढे अडखळावे लागले असेल. माणूस तोच, त्याची बुद्धी तीच. लिहिण्याचे साधन तेवढे बदलले. साक्षर आणि निरक्षर हे भेद आपण माणसांच्या कपाळी चिकटवतो, पण पुष्कळदा ते साधनाला चिकटवावयास हवेत. आज वैद्यकीय मदतीच्या दारावर जे नवे कुलूप आले आहे त्याचा विचार मी याच दृष्टीने करणार आहे, आणि त्यासाठी दोनशे वर्षे मागे जाणार आहे.

१४ जून १८०२ या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वी झालेली ही पहिली लस. ती बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेने, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत राखीत आणली होती, आणि या मुलीच्या दंडावरून ती पुढे देशभर गेली. त्यानंतर शेदीडशे वर्षे आपल्या खेडोपाडी देवी टोचणारा माणूस हिंडत असे. त्याच्याबद्दल लोकांच्या मनात धास्ती होती. तो आला की आया मुलांना कोठीत लपवीत. त्या धास्तीला कारणेही होती. पण एक गोष्ट पाहा. त्याच्या काखोटीला नोंदवही असे. मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव, तारीख, फोड आला की नाही, हे सारे तो विचारी आणि तोच लिही. आईला अक्षर येते की नाही याच्याशी त्या लसीचा काही संबंध नव्हता. लस हवी असली तर दंड पुढे करावयाचा, एवढेच.

रुग्णालयांची रीतही हीच होती. आमच्या ग्वाल्हेरचे मोठे सरकारी रुग्णालय, जयारोग्य, हे जयाजीराव शिंदे यांच्या नावाने उभे राहिले. १८९९ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. पुढे १९४६ मध्ये त्याच्या शेजारी गजराराजा मेडिकल कॉलेज निघाले, आणि मुरैना, भिंड, दतिया, शिवपुरीपासूनचे रोगी येथे येऊ लागले. या साऱ्या काळात रोगी आणि डॉक्टर यांच्या मध्ये एक खिडकी होती व खिडकीआड एक कारकून. तो नाव विचारी, वय विचारी. वय ठाऊक नसले तर चेहऱ्याकडे पाहून लिही. त्या कागदाला महाराष्ट्रात केसपेपर म्हणतात. आम्ही ग्वाल्हेरकर मराठी माणसे हिंदीच्या संगतीने पर्चा म्हणतो. तो पर्चा बहुधा इंग्रजीत असे व ज्याच्या हाती तो दिला जाई त्याला त्यातले एक अक्षर वाचता येत नसे. १९५१ च्या जनगणनेत या देशातील शंभरांपैकी अवघ्या अठरांना लिहितावाचता येत होते. तरीसुद्धा उरलेल्या ब्याऐंशींचे औषधपाणी झाले, कारण वाचण्यालिहिण्याचे काम खिडकीच्या आतल्या बाजूस होत होते.

बाहेरच्या बाजूसाठीही काही योजना असे. माझ्या पिढीने शेवटी शेवटी पाहिलेली एक वस्तू सांगतो. कंपाउंडर पातळ औषधाची बाटली भरून देई तेव्हा तिच्या अंगाला कागदाची एक पट्टी चिकटवी. पट्टीच्या कडा सारख्या अंतरावर कातरलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. आजीला घड्याळ कळो न कळो, अंक येवोत न येवोत, एका वेळेस एका खाचेपर्यंत औषध उतरावयाचे हे तिला बोटाने समजे. त्या पट्टीचा शोध कोणी लावला याची चर्चा वैद्यकाच्या इतिहासात होत नाही, पण निरक्षर माणसाला औषधाच्या प्रमाणापर्यंत पोचवणारे इतके स्वस्त साधन दुसरे झाले नसेल.

मी त्या काळाचे गोडवे गाणार नाही. खिडकीआडचा कारकून उर्मट असू शकत होता, लाचखाऊ असू शकत होता. ज्याची जात त्याला खालची वाटे त्याला तो तास न् तास तिष्ठत ठेवू शकत होता. आणि परद्यातील स्त्रिया त्या खिडकीपर्यंत पोचतच नव्हत्या; त्यांचे दुखणे घरचा पुरुष येऊन सांगे आणि औषध नेई. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर असाव्यात म्हणून लेडी डफरिन यांचा फंड १८८५ साली निघाला तो याच अडचणीमुळे. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून पदवी घेऊन आल्या तेव्हा कोल्हापूरच्या ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या कक्षावर त्यांची नेमणूक झाली होती. काम सुरू करण्यापूर्वीच १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. सांगावयाचे इतकेच की, दार अरुंद आहे असे दिसल्यावर ते रुंद करण्याचे काम दाराच्या मालकाचे आहे, ही समजूत तेव्हाही हळूहळू रुजत होती.

या समजुतीचे सर्वांत मोठे फळ देवीच्या निर्मूलनात दिसले. १९७३ च्या शरदात बिहार, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल आणि आमचा मध्य प्रदेश या चार राज्यांत घरोघर जाऊन देवीचे रोगी शोधण्याची मोहीम सुरू झाली. कार्यकर्त्यांच्या हाती एक कार्ड असे. कार्डावर देवीचे फोड अंगभर उठलेल्या एका बालकाचे चित्र. कार्यकर्ता दार ठोठावी, चित्र दाखवी आणि विचारी, असे कोणी पाहिले आहे काय? अर्ज नाही, सही नाही. चार वर्षांचे पोरही उत्तर देऊ शके, आणि मोहिमेतील लोक मुद्दाम पोरांना विचारीत, कारण पोरे लपवीत नाहीत. रोगी कळवणाऱ्यास बक्षीस होते. वाढत वाढत ते १९७५ साली एक हजार रुपयांवर गेले. त्या वर्षीच्या मे महिन्यात देशातील शेवटचा स्थानिक रोगी आढळला. म्हणजे १८०२ पासून १९७५ पर्यंत पावणेदोनशे वर्षांच्या या लढाईत नोंदवही एकदाही रोग्याच्या हाती दिली गेली नाही.

ती दिली गेली २०२१ साली.

१६ जानेवारी २०२१ रोजी कोविडची लस देण्यास आरंभ झाला. नोंदणीसाठी कोविन नावाची व्यवस्था उभारण्यात आली. कोट्यवधी लोकांची लस, तिची तारीख, दुसऱ्या टोचणीची मुदत, दाखला, हे सारे एका सूत्रात बांधणे हे लहान काम नव्हे, आणि ते झाले हे मान्य केले पाहिजे. परंतु १ मे रोजी अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस खुली झाली तेव्हा अट अशी पडली की, वेळ आधी ऑनलाईन घेतलीच पाहिजे. लसीचा तुटवडा होता. ठरलेल्या घटकेला पाटी उघडे आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारे भरून जाई. पडद्यावरची भाषा इंग्रजी. मराठी, हिंदी आणि इतर देशी भाषा आल्या त्या जूनमध्ये. एका मोबाइलवर चार जणांची नावे चालत, पण मोबाइल तर हवा! राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांप्रमाणे इंटरनेटची सोय शहरातील शंभर घरांपैकी बेचाळिसांत आणि खेड्यातील शंभरांपैकी पंधरांत होती.

परिणाम व्हावयाचा तो झाला. मुंबई-ठाण्याची तरुण मंडळी पालघर जिल्ह्यातील आदिवासी गावांच्या केंद्रांवर वेळ घेऊन मोटारींतून लस टोचून घेण्यास जाऊ लागली आणि त्या गावचे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत राहिले. त्या तरुणांना दोष देता येत नाही. भीती त्यांनाही होती. पण लस गावात येऊनही गावाला मिळाली नाही, हा प्रकार देवीच्या साऱ्या इतिहासात शोधून सापडणार नाही. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आदेशात केंद्र सरकारला हाच प्रश्न विचारला की, ज्यांच्यापाशी हे साधन नाही त्यांनी काय करावे. केंद्रावर जाऊन जागीच नाव नोंदवण्याची सवड २४ मेपासून या वयोगटासाठी सरकारी केंद्रांवर मिळू लागली होती. २१ जूनपासून ती सर्वत्र झाली. खिडकीआडचा कारकून परत आला. नोंदवही पुन्हा त्याने हातात घेतली.

पन्नास वर्षांपूर्वीचे चित्राचे कार्ड आणि हा मोबाइलचा पडदा यांच्यात फरक कशाचा? पहिले माणसाच्या हातून माणसाच्या दारी आले. दुसऱ्याने रोग्याला स्वतःचाच कारकून बनवले. ज्याला कारकुनी येते त्याला ते फार सोयीचे आहे, मलाही आहे. मी पहाटे उठून रांगेत उभा राहत नाही, घरबसल्या नंबर लावतो. पण कारकुनाचे काम नाहीसे झालेले नाही. ते माझ्याकडे आले, आणि मला ते जमले. नानांकडेही आले, त्यांना जमले नाही.

मग अशा माणसाला मदत कोणी करावी? मदतनीस दोन प्रकारचे असतात, दाराबाहेर बसणारे आणि दाराच्या आत बसणारे. दोघांचाही इतिहास आहे.

दाराबाहेरचा मदतनीस म्हणजे पोस्टाच्या पायरीशी बसणारा पत्रलेखक. मुंबईच्या बड्या पोस्टाबाहेर ही मंडळी अनेक दशके बसत असत. गिरणीतला कोकणी किंवा उत्तरेकडचा मजूर पैसे आणि निरोप घेऊन येई. लेखक मनीऑर्डर भरी, पत्र लिही, आणि घरून आलेले पत्र वाचूनही दाखवी. कोणाची बायको आजारी, कोणाचे कर्ज किती, सारे त्याला ठाऊक. तो बहुधा भला माणूस असे. परंतु तो भला असावा अशी व्यवस्था कोठेही नव्हती.

संगणक आले तेव्हा याच पत्रलेखकाला नवे आसन मिळाले. १९९८ साली कोल्हापूर-सांगली भागातील वारणा खोऱ्यात सुमारे सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला. बेत मोठा होता. आरोग्य, शेती, शिक्षण, सर्व माहिती गावात यावयाची होती. शेतकऱ्यांनी त्यातून मुख्यतः एकच गोष्ट विचारली: आपला ऊस किती भरला आणि पैसे किती झाले. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या संदेशांवर तेच काम अधिक स्वस्तात करून पाहण्यात आले. २००० सालच्या १ जानेवारीस पवारांच्या धारमध्ये, म्हणजे आमच्याच राज्याच्या माळव्यात, ज्ञानदूत नावाची योजना सुरू झाली. गावोगाव सूचनालये निघाली आणि प्रत्येकात एक स्थानिक शिकलेला तरुण बसला. त्याला सूचक म्हणत. शेतकरी बाजारभाव विचारी, तक्रार सांगे. सूचक ती संगणकात घाली आणि ठरलेले काही रुपये घेई. स्टॉकहोमचे पारितोषिकही त्या वर्षी या योजनेला मिळाले. पुढे वीज जाई, तार तुटे, लोक येईनासे झाले. पण मला त्या योजनेतील सर्वांत मोलाचा भाग सूचक हा वाटतो. सारी यंत्रे जुनी होऊन भंगारात गेली; सूचकाची गरज मात्र तशीच आहे. २००६ साली राज्य सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी यांनी मिळून एमपी ऑनलाईन काढले, आणि आज ग्वाल्हेरच्या कोणत्याही बाजारात ती पाटी लावलेले दुकान दिसते. परीक्षेचा अर्ज, दाखला, वीजबिल, सारे तेथे होते. या दुकानदारांनी लाखो लोकांची नड भागवली आहे. तरी तो दाराबाहेरचाच मदतनीस. त्याचे पोट अर्जांच्या संख्येवर आहे. म्हाताऱ्याचा ओटीपी पुण्याहून येईपर्यंत थांबणे त्याला परवडत नाही.

दाराच्या आतला मदतनीस याहून वेगळा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावातलीच, आठवी शिकलेली, गावाला ठाऊक असलेली आशा कार्यकर्ती नेमण्यात आली. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. पुढील वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. तिच्यात एक पद होते, आरोग्यमित्र. मूळ कल्पना आंध्र प्रदेशच्या आरोग्यश्री योजनेतील. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात हा आरोग्यमित्र टेबल टाकून बसतो. रोगी आला, शिधापत्रिका दाखवली, की पुढचे संगणकाचे काम त्याचे. २०१८ साली आयुष्मान योजना देशभर निघाली तेव्हा तिनेही हे पद उचलले. ज्याने कोणी प्रथम ठरवले की संगणकाशी बोलण्याचे काम रोग्याचे नसून रुग्णालयात बसलेल्या एका माणसाचे आहे, त्याला देवी टोचणाऱ्याची नोंदवही आठवत होती की काय कोण जाणे.

दुसरा पुरावा ई-संजीवनीचा. दूर असलेल्या डॉक्टरचा सल्ला पडद्यावरून मिळावा म्हणून ही सेवा सरकारने चालवली आहे. तिची दोन अंगे आहेत. एकात रोगी स्वतःच्या मोबाइलवरून, एकटा, डॉक्टर गाठतो; हे अंग टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये उघडले. दुसरे त्याच्या आधीचे, नोव्हेंबर २०१९ चे. त्यात रोगी गावच्या आरोग्य केंद्रात जातो, तेथील आरोग्य अधिकारी त्याचा रक्तदाब मोजते, यंत्र लावते, आणि डॉक्टरशी बोलणे चालू असता शेजारी बसते. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेत दहा कोटी सल्ले दिले गेले, आणि त्यांतील फार मोठा वाटा दुसऱ्या अंगाचा होता. साधन तेच, डॉक्टर तसेच. शेजारी माणूस बसला की गर्दी झाली.

येथे एक अवघड प्रश्न येतो. शेजारी बसणाऱ्याला सारे कळते. मोबाइल नातवाच्या हातात असेल तर आजी आपल्या अंगावरून जाणाऱ्या रक्ताबद्दल डॉक्टरला सांगेल काय? सून सासऱ्याच्या फोनवरून आपल्या मनाचे दुखणे सांगेल काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, इंटरनेट कधी ना कधी वापरले आहे असे शंभर पुरुषांपैकी सत्तावन्नांनी सांगितले आणि शंभर स्त्रियांपैकी तेहतिसांनी. स्वतः वापरते असा मोबाइल निम्म्याहून थोड्याच अधिक स्त्रियांपाशी होता. म्हणजे लेडी डफरिन यांच्या काळी घरचा पुरुष खिडकीशी जाऊन बायकोचे दुखणे सांगे, तोच आता मोबाइल घेऊन बसला आहे. परदा गेला, मध्यस्थ राहिला.

आम्हां कॅथॉलिकांच्या चर्चमध्ये पापनिवेदनाची एक लाकडी खोली असते. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी धर्मगुरू आणि निवेदन करणारा यांच्यामध्ये जाळी बसवण्याचा नियम घालून दिला. धर्मगुरूने ऐकलेले बाहेर काढावयाचे नाही हा नियम त्याहूनही जुना. हा विषय काढला तो अशासाठी की, दुसऱ्याच्या गुपिताशेजारी बसणाऱ्यावर बंधन हवे, हे केवळ त्याच्या भलेपणावर सोडून चालत नाही, हे जगाने पूर्वीच ओळखले आहे. बंधन घातले म्हणजे बोलणाऱ्याला धीर येतो. आरोग्यमित्राला, आशेला हे बंधन घालता येते, कारण ती नेमलेली माणसे आहेत. दुकानदाराला आणि नातवाला ते कोण घालणार? वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला खरा, पण नातू कायद्याला भीत नाही. त्याला घरातच सांगावे लागेल की, आजी बोलू लागली की फोन तिच्या हाती देऊन तू बाहेर जा.

मी शिक्षक असल्यामुळे शिकवण्याच्या बाजूबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. वृद्धांना हे शिकवता येत नाही असे म्हणतात, ते मला पटत नाही. इंग्लंडमध्ये २०१३ पासून काही वर्षे तेथील सरकारी आरोग्यसेवेने ग्रंथालयांत आणि वस्त्यांमधील केंद्रांत लोकांना बसवून हेच शिकवले. चूक बहुधा शिकवणाऱ्याची होते. तो शिष्याच्या हातातून फोन काढून घेतो, चारदोन ठिकाणी बोट मारतो आणि म्हणतो, झाले. माझ्या वर्गातही हुशार मुलगा शेजाऱ्याचे गणित असेच सोडवून देतो. शेजारी जेथल्या तेथे राहतो. नानांबरोबर बसताना मी एक नियम केला: फोनला माझे बोट लागणार नाही.

आधी त्यांच्या आधारला त्यांचा स्वतःचा मोबाइल जोडून घेणे प्राप्त होते. त्याला आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले. नानांचे ठसे झिजलेले. दोन वेळा उमटले नाहीत, हात धुऊन, पुसून तिसऱ्यांदा उमटले. नोंद होण्यास काही दिवस गेले. मग आम्ही कार्डाला बसलो. ओटीपी आला. नानांनी तो वाचला, टाकताना एक अंक चुकला, मुदत संपली. दुसरा मागवला. या वेळी त्यांनी प्रथम तो कागदावर लिहून घेतला आणि कागदावरून एकेक अंक टाकला. मला ते लांबचे वाटले, पण मी गप्प राहिलो. पडदा पुढे सरकला.

त्याच बैठकीत आम्ही चौदा आकडी आभा क्रमांकही काढला. सप्टेंबर २०२१ पासून आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवण्यासाठी सरकार हा क्रमांक देत आहे. तो घेण्याची सक्ती नाही. घेतल्यास अनेक रुग्णालयांत खिडकीवरचे चौकोनी चिन्ह मोबाइलने टिपले की नाव, गाव, वय आपोआप आत जाते आणि नंबर मिळतो. नाना म्हणाले, "म्हणजे कारकून मीच." मी म्हटले, "होय, नाना." त्यावर ते काही वेळ विचार करीत बसले आणि म्हणाले, "आमच्या वडिलांना या कामाचा पगार मिळे."

नंतर त्यांनी उशाची जुनी वही काढली. तिच्यात औषधांची नावे, वीजबिलाचे आकडे, कोणाकोणाचे पत्ते, सारे मोडीत लिहिलेले असते. तो क्रमांक त्यांनी तेथे उतरवला, खाली तारीख घातली आणि विचारले, समोरच्या घरातल्या माई एकट्या असतात, त्यांचे कार्ड निघाले आहे काय. मला ठाऊक नव्हते. नानांनी फोन खिशात घातला, काठी घेतली आणि ते जिना उतरू लागले.